मीच ॲडमिट केलं

३ फेब्रुवारी

मामा,

वाकून नमस्कार. फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी “ताप उतरला का” विचारलं आणि तुम्ही “साप? कुठे निघाला?” म्हणून मामींना हाका मारल्यात. त्यापेक्षा पत्र बरं.

मला एका शब्दाचा भयंकर राग आलाय. ‘ॲडमिट’. नऊ वर्षं मी दवाखान्याच्या ॲडमिशन काउंटरवर बसतेय. दिवसातून चाळीस वेळा हा शब्द लिहिते. पेशंट आला, कागद बघितले, फाइल केली, पलंग दिला की झाला ॲडमिट. लहान पोरालाही कळतं. आणि परवा रेकॉर्ड रूममधला तो चष्मेवाला एक कागद हातात धरून मला म्हणतो, “बाई, याचा दुसरा अर्थ तुम्हाला ठाऊकच नाही?” आणि हसला. नुसता हसला नाही, शेजारच्याला दाखवून हसला. त्याच्या तोंडावर फाइल मारावी असं वाटलं मला.

तुम्ही छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलंत. तेव्हा सांगा, हा शब्द आला कुठून, त्याचे अर्थ किती, आणि कुठला कधी घ्यायचा. सहज विचारतेय, झालेलं काही नाही. सविस्तर लिहा, पण लवकर लिहा.

तुमची,
टिटवी


७ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

तुझं पत्र आलं आणि मी दुपारची झोप सोडली. निवृत्त मास्तराला कुणी शब्दाचा अर्थ विचारत नाही गं. लोक विचारतात, गुडघे कसे आहेत.

ऐक. हे क्रियापद मूळचं लॅटिन. ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणं, सोडणं. त्याला आधी ‘अद्’ लागला, म्हणजे ‘कडे’. ‘अद्मित्तेरे’ म्हणजे आत सोडणं, येऊ देणं. पाचसहाशे वर्षांपूर्वी ते इंग्रजीत आलं. परमिट, सबमिट, ऑमिट, डिसमिस ही सगळी त्याच घरातली भावंडं. आधी दारातून माणसं आत सोडत. मग माणसाच्या बोलण्यात एखादी गोष्ट ‘खरी’ म्हणून आत सोडणं, असाही अर्थ झाला. म्हणजे मान्य करणं, कबूल करणं. आणि यात एक खोच आहे. ॲडमिट म्हटलं की ती गोष्ट आधी दाराशी अडवून धरली होती, आता नाइलाजाने आत घेतली, असा वास येतो. “मला चहा आवडतो” हे कुणी ॲडमिट करत नाही. “कप माझ्या हातून फुटला” हे करतात.

आपण दवाखान्यातून आणि शाळेतून त्याचा एकच अर्थ घरी आणला, दुसरा तिकडेच ठेवला. म्हणून तुझ्यासारखी घोटाळ्यात पडते. ओळखायची खूण सोपी आहे. क्रियापदाच्या पुढे नुसता माणूस आला, तर दाखल करणं. पुढे एखादं कृत्य आलं, तर कबुली. आणि पुढे ‘दॅट’ आलं, तर शंकाच नको. ‘आय ॲडमिट दॅट’ म्हटल्यावर जगातला कुठलाही दवाखाना मध्ये येत नाही. ती कबुलीच.

तू बढतीची परीक्षा देतेयस ना? मला कळलं, लपवू नकोस! मग हेही लक्षात ठेव की अर्थ माहीत नसताना कागदावर सही करणारा माणूस अंगठा लावणाऱ्यापेक्षा अडाणी. अंगठेबहाद्दर निदान कुणाला तरी “वाचून दाखवा” म्हणतो.

मामी म्हणते, बढतीचे पेढे हवेत.

तुझा,
मामा


१४ फेब्रुवारी

मामा,

अंगठा लावणाऱ्यापेक्षा अडाणी ती बाई मीच. परीक्षा नाही आणि बढतीही नाही. काल मला सस्पेंड केलं.

आता सगळं सांगते. १९ जानेवारीला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी एक टेलर आला. पन्नाशीचा, छातीत कळ. बायको बरोबर. तीही दुकानात काजं-बटणं करते, तिच्या पदराला टाचण्या तशाच लावलेल्या होत्या. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी गोळी दिली, इंजेक्शन दिलं आणि लिहिलं, ताबडतोब आयसीयू. कागद माझ्याकडे आला. त्यांच्याकडे ओळखपत्र नव्हतं, घाईत घरी राहिलं होतं. आणि आमच्या मॅनेजरांनी डिसेंबरात सहीशिक्क्यानिशी हुकूम काढलाय, ओळखपत्राच्या नंबराशिवाय फाइल नाही आणि फाइलशिवाय पलंग नाही. कॉम्प्युटरलाही तसंच करून ठेवलंय. नंबर घातल्याशिवाय पुढे सरकतच नाही.

मी ऑपरेटर बाईंकडून मॅनेजरांना तीन वेळा निरोप पाठवला. साहेब मीटिंगमध्ये. टेलरबाई रिक्षाने घरी पळाली ओळखपत्र आणायला. नवरा पॅसेजमध्ये स्ट्रेचरवर. अडीच वाजले, पावणेतीन झाले. शेवटी मला सुचलं आणि मी माझ्याच ओळखपत्राचा नंबर घालून फाइल केली. दोन पन्नासला तो वर गेला. एकवीस तारखेला वारला.

चोवीसला मॅनेजर काउंटरवर आले. समोर अकरा माणसांची रांग. इंग्रजीत टाइप केलेला कागद, सहा ओळी. म्हणाले, “वरच्या ऑफिसला पाठवायचाय. पेशंट तुम्ही ॲडमिट केला होतात, एवढंच आहे. करा सही.” पेन त्यांनीच उघडून दिलं. मी पहिले शब्द बघितले, आय ॲडमिट. पुढे पेशंटचं नाव दिसलं. बरोबरच की, मीच केला होता. केली सही.

तुमचं पत्र वाचून मी त्या कागदाची झेरॉक्स, जिच्यावरून तो चष्मेवाला हसला होता, पुन्हा काढून बघितली. ‘आय ॲडमिट’च्या पुढे ‘दॅट’च आहे, मामा. मी कबूल करते की मी हलगर्जीपणाने पेशंटला चाळीस मिनिटं थांबवलं, मी कबूल करते की मी खोटा नंबर घातला. हुकुमाचा एक शब्द नाही, तीन निरोपांचा एक शब्द नाही. आणि कालच्या नोटिशीत लिहिलंय, ‘आपण लेखी कबूल केल्याप्रमाणे’. लेखी! हुकूम त्यांचा, मीटिंग त्यांची, टाइप त्यांचा, पेनसुद्धा त्यांचं, आणि कबुली तेवढी माझी!

नवरा म्हणतो, वकील करू. सासूबाई म्हणतात, गप्प बस, हातापाया पड. मी भांडी इतकी आपटून घासली की कुकरच्या झाकणाला पोचा आला.

पाच मार्चला चौकशी आहे. मला एक खणखणीत इंग्रजी उत्तर लिहून द्या. असं लिहा की ते साहेब डिक्शनरी उघडून बसले पाहिजेत.

टिटवी


१९ फेब्रुवारी

टिटवे,

आधी माझा कान धर. तू विचारलंस तेव्हा मला शब्द दिसला, तू दिसली नाहीस. “काही झालेलं नाही” असं कुणी उगाच लिहीत नाही, हे मामीच्या लगेच लक्षात आलं होतं. मी तिला “तुला काय कळतंय” म्हणालो. तिने आज दिवसभर मला पाणीही विचारलेलं नाही, आणि बरोबर केलं.

त्या मॅनेजराला इंग्रजी उत्तम येतं. भिकार येत असतं तर परवडलं असतं. तुझ्या काउंटरवर हा शब्द कुठल्या अर्थाने चालतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याने तोच निवडला. ‘कन्फेस’ लिहिलं असतं तर तू थबकली असतीस. त्याने दरोडा घातला तो तुझ्या रोजच्या शब्दावर. माझं रक्त उकळतंय. तीन वेळा पत्र लिहायला घेतलं आणि तीन वेळा निब मोडेल इतका जोर दिला.

पण इंग्रजी उत्तर मी लिहून देणार नाही. का, ते सांगतो. हे तुझ्या आईलाही माहीत नाही.

मी एकतीस वर्षांचा होतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला काचपेटीतला तराजू फुटला. फोडला संचालकांच्या मुलाने, सगळ्यांना माहीत होतं. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं आणि शिपायाच्या नावाने इंग्रजीत कबुलीजबाब लिहायला सांगितला. मी लिहिला. ‘आय ॲडमिट दॅट’नेच सुरुवात केली होती. शिपाई मला म्हणाला, “मास्तर, काय लिहिलंय?” मी म्हणालो, “काही नाही, तराजू फुटला एवढंच.” त्याने सही केली. महिन्याने त्याला काढला. मुख्याध्यापक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, काय सुरेख इंग्रजी आहे तुमचं. आणि मला आनंद झाला, टिटवे. घरी येऊन मी ते तुझ्या मामीला सांगितलं, थापेचं तेवढं. कागदाचं नाही सांगितलं.

त्यामुळे असले कागद कसे तयार होतात हे मला आतून माहीत आहे. त्यांच्या इंग्रजीला तू माझ्या इंग्रजीने उत्तर दिलंस तर ते पुन्हा तुला न कळणाऱ्या कागदावर तुझी सही होईल. तू आपल्या भाषेत लिही. किती वाजता कोण आलं, तू काय केलंस, कुणाला निरोप दिलास. जे घडलं तेवढंच, पण घडलं ते सगळं. त्या ऑपरेटर बाई निरोप तोंडी ठेवतात की लिहून ठेवतात? आजच विचार.

हातापाया पडायचं नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग.

मामा


२७ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन दिवस तुमच्यावर रागावून बसले. त्या शिपायाचं पुढे काय झालं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्हाला माहीत नसावं. शोधा.

ऑपरेटर बाईंकडे वही आहे! साहेब मीटिंगमध्ये असले की निरोप त्या लिहून ठेवतात. दोन सोळा, दोन सत्तावीस, दोन एकोणचाळीस. ‘ॲडमिशन काउंटर, छातीचा पेशंट, नंबर नाही, काय करू?’ असं तीनदा. मी म्हटलं, वही घेऊन याल का? तर म्हणाल्या, “मुलीचं कॉलेज व्हायचंय गं अजून.” मग मान खाली घालून वायरी गुंडाळत बसल्या. मी काय बोलणार? त्यांच्या जागी मी असते तर मीही वायरीच गुंडाळल्या असत्या.

आणि काल सकाळी टेलरबाई घरी आली. दवाखान्याने तिला माझ्या कागदाची झेरॉक्स देऊन सांगितलं होतं, “चूक करणाऱ्या बाईने कबूल केलंय, आम्ही तिच्यावर कारवाई करतोय, तुम्ही निश्चिंत राहा.” निश्चिंत! नवरा गेलेल्या बाईला म्हणे निश्चिंत राहा!

जिन्यातच तिने आवाज चढवला. “माझा माणूस तिथे तडफडत होता आणि तू कीबोर्ड बडवत बसलीस ना? केलंस ना कबूल?” वरच्या मजल्यावरची दारं उघडली. सासूबाई देवासारख्या धावल्या, तिला हाताला धरून आत आणलं, पाणी दिलं. मी तिला सगळं सांगितलं, तो हुकूम, ते निरोप, तो कागद. ती झेरॉक्स उलटी धरून बघत होती, मग सुलटी केली. म्हणाली, “यातलं मला एक अक्षर कळत नाही. त्यांनी सांगितलं ते मी खरं धरलं.”

मी म्हटलं, “मीही तेच केलं.”

ती चौकशीला येणार आहे. मृताची बायको म्हणून तिला बसू देतात.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. तुम्हालाही सांगितलेली नाही. घशाशी येते आणि परत जाते.

टिटवी


२ मार्च

टिटवे,

घशाशी काय अडकलंय ते विचारत नाही. पण चौकशीत बोलायचं तर पूर्ण बोल, नाहीतर तोही ‘सोयीचा’ कागद होईल. मी सोयीचे कागद लिहिलेत, त्यांची चव माहीत आहे.

शिपाई सहा वर्षांपूर्वी वारला. मुलगा सायकलदुरुस्तीचं दुकान चालवतो. परवा जाऊन आलो. त्याने मला आत बोलावलं नाही. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “हे बाबांना सांगायला हवं होतं तुम्ही.” एवढंच. मग चाकात हवा भरायला लागला.

मामीलाही सांगितलं.

मामा


९ मार्च

मामा,

झाली चौकशी. क्रमाने सांगते, कारण मला स्वतःलाच अजून धड उमजलेलं नाही.

लांब टेबल. पलीकडे तिघं, एक विश्वस्त, एक मोठे डॉक्टर आणि एक वकील. मॅनेजर बाजूला, इस्त्रीच्या शर्टात. टेलरबाई भिंतीकडेच्या खुर्चीवर. वकिलांनी तो कागद वाचला आणि मला इंग्रजीतच विचारलं, हे तुम्ही ॲडमिट करता का?

मी म्हटलं, “साहेब, कुठला ॲडमिट?”

ते चक्रावले. मी म्हटलं, “मी ज्या काउंटरवर बसते तिथे या शब्दाचा एकच अर्थ आहे, आणि त्या अर्थाने हो, पेशंट मीच ॲडमिट केला. यांनी मला सही करताना तोच अर्थ सांगितला. दुसरा अर्थ मला मामांच्या पत्रातून कळला, सही केल्यावर दोन आठवड्यांनी. आता प्रश्न आपल्या भाषेत विचारा, मी आपल्या भाषेत उत्तर देते.”

मॅनेजर म्हणाले, “नऊ वर्षं इंग्रजी फॉर्म भरणाऱ्या बाईला एवढं कळत नाही, हे कुणाला पटेल?”

“मग मला इतकं कळत होतं तर काय लिहिलंय ते तुम्ही तोंडी का सांगितलंत?”

मॅनेजरांनी समोरचे कागद उगाच सारखे केले. मोठे डॉक्टर पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे बघायला लागले. मी माझी चार पानं वाचली. हुकुमाची प्रत ठेवली. निरोपांपाशी आले तेव्हा मॅनेजर म्हणाले, “मला एकही निरोप मिळाला नाही.” आणि मामा, मी खिडकीकडे बघत होते म्हणून मला दिसलंच नाही, दार कधी उघडलं ते. ऑपरेटर बाई. वही छातीशी धरलेली. टेबलावर वही ठेवली, पान उघडलं, आणि निघून गेल्या.

पाच मिनिटं सगळे वहीवरच वाकलेले. मला कळलं, आपण सुटलो. वकिलांनी विचारलं, “आणखी काही सांगायचंय?” नाही म्हणून बसले असते तर संपलं होतं. पण समोर ती टाचण्यावाली बाई बसलेली.

मी म्हटलं, “सांगायचंय. माझा नंबर घालायचं मला दोन पन्नासला सुचलं नव्हतं. ते मला दोन पंधरालाच माहीत होतं. नोव्हेंबरात एका म्हाताऱ्यासाठी मी तसं केलं होतं आणि यांनी मला मेमो दिला होता, पुन्हा केलंत तर घरी जाल. म्हणून मी निरोप पाठवत बसले. कुणीतरी वरून ‘हो’ म्हणावं म्हणून. पस्तीस मिनिटं मी माझी नोकरी सांभाळत होते. हुकूम यांचा, पण ती पस्तीस मिनिटं माझी. हे मी कबूल करते. कुणी टाइप करून दिलेलं नाही.”

वकिलांचं पेन थांबलं. मॅनेजर चटकन म्हणाले, “बघा! स्वतःच्या तोंडाने!” मोठे डॉक्टर त्यांच्यावर इतक्या जोरात ओरडले की बाहेरचा वॉर्डबॉय आत डोकावला.

निकाल असा. मला परत कामावर घेतलं, पण लेखी ताकीद. मॅनेजर महिनाभर सक्तीच्या रजेवर. आणि हुकूम? तो ‘विचाराधीन’ आहे. माणूस गेला तरी हुकूम अजून विचारातच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाहेर पायऱ्यांवर टेलरबाई थांबली होती. मला वाटलं आता कानाखाली वाजवणार. तसं झालं असतं तर मी गाल पुढे केला असता. तिने पदराची टाचणी काढून पुन्हा खोचली. मग म्हणाली, “मी रागावलेय तुमच्यावर. राग जायचा नाही.”

“नकोच जाऊ दे,” मी म्हटलं.

“पण दीड महिना झाला, मला सगळ्यांनी सांगितलं की सगळं नियमाने झालं. तोंडावर खरं बोललेलं पहिलं माणूस तुम्ही.” मग नाक पुसून म्हणाली, “तो हुकूम रद्द करायला अर्ज लागतो का? तुम्हाला अक्षर चांगलं आहे ना?”

समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून आम्ही दोन कोरे कागद घेतले. तिथल्याच बाकावर बसलो. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. दुकानाच्या रांगेतली दोन माणसं थांबून ऐकायला लागली. त्यातल्या एकाच्या आईचंही असंच झालं होतं, तोही म्हणाला, माझी सही घ्या. पण कुणाच्याही हातात पेन द्यायच्या आधी मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मग पुन्हा एकदा.

दुसऱ्यांदा वाचताना शेवटाला टेलरबाईने माझा हात धरला. “हे काय लिहिलंत? ‘तरी हुकूम मागे घ्यावा, ही नम्र विनंती’?”

मी म्हटलं, “अहो, अर्जात असंच लिहितात.”

“खोडा ते,” ती म्हणाली. “नम्र पण खोडा आणि विनंती पण खोडा.”

मी खोडलं, मामा. दोन्ही शब्द, नीट रेघ मारून. वाक्य अर्धवट राहिलं, तर तिने ते पुरं केलं: ‘आम्ही उत्तराची वाट बघत इथेच बसलो आहोत.’

अर्ज त्याच दिवशी वरच्या ऑफिसात दिला, आज पाचवा दिवस. मी काउंटरवर आहे, ती समोरच्या बाकावर.

तुमची,
टिटवी